मारव्यातला सा

आमच्या घरात गाण्याचा विषय निघाला की शेवटचा शब्द अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान होतं, आजोबांच्या वेळेपासूनचं. आम्ही बेंगळुरूत इतक्या पिढ्या मुरलेले की घरातलं मराठीही अर्धं कानडीकडे झुकलेलं. पण गाणं म्हणजे उत्तरेकडचं, ख्याल आणि तंबोरे, यावर अण्णा ठाम होते. रामनवमीला आमच्याकडे जागोजागी मांडव पडतात आणि महिनाभर रोज संध्याकाळी कर्नाटक संगीत चालतं. आमचं सगळं जयनगर तिथे लोटायचं आणि अण्णा घरात टेप लावून बसायचे.

त्यांचं दैवत एकच होतं, एक गायिका. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्याची मला स्वतःलाच अजून खात्री नाही. अण्णा चोवीस वर्षांचे असताना इरकली लुगडी घ्यायला हुबळीला गेले होते. तिथे संध्याकाळी एका शाळेच्या पटांगणात त्यांनी तिला ऐकलं. तीही तेव्हा पंचविशीतलीच. गाण्यापायी परतीची गाडी चुकली आणि ते दुसऱ्या दिवशी घरी आले. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की पटांगणातलं कडुनिंबाचं झाड मला माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं आठवतं. पुढे कोणीही गायलं, वाजवलं, तरी अण्णांचा निकाल ठरलेला असायचा, "बरं आहे. हुबळी नाही." आमच्या घरात हुबळी हे गाव नव्हतं, माप होतं.

गंमत अशी की त्यानंतर ती बेंगळुरूत माझ्या आठवणीत चार वेळा आली आणि अण्णा एकदाही गेले नाहीत. कधी लग्नसराई, कधी पाहुणे, एकदा तर साधी सर्दी. "जे ऐकलं ते पुरे आहे," असं म्हणायचे. मला त्यात फार मोठं काहीतरी वाटायचं. इतकं उत्तम ऐकलं की माणूस पुन्हा जातच नाही, असं मी मैत्रिणींना अभिमानाने सांगायची.

माझ्या गाण्याची कथा अगदीच साधी. आसपास ख्याल शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून आईने मला पुढच्या क्रॉसवरच्या, म्हणजे पुढच्या गल्लीतल्या, टीचरकडे कर्नाटक संगीताला घातलं. सहा वर्षं शिकले. गळा राहिला नाही, राहिला तो हात. कर्नाटक संगीतात गाणारा आणि ऐकणारा, दोघेही मांडीवर उघडपणे ताल धरतात. एक थाप, मग करंगळीपासून तीन बोटं, पुन्हा थाप, मग हात उलटा. मांडवात पाचशे माणसं बसली असतील तर पाचशे हात एकदम पडतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. माझा हात बसच्या इंजिनालाही ताल धरायचा. अण्णा म्हणायचे, "हिचा हात शिकला, कान कोराच राहिला." ते हसत म्हणायचे, पण मला लागायचं. आणि मला ते खरंही वाटायचं, हे जास्त वाईट.

कारण मी गाण्याची वेडी होते, पण मला गाणं कळतं का, हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत गणित शिकवायचं आणि उरलेल्या वेळात मिळेल त्या गाण्याच्या सभेला जायचं, असं माझं आयुष्य होतं. एक बासरीवाले होते, त्यांची फुंकर ऐकू आली की माझ्या अंगावर काटा यायचा आणि सूर सुरू झाला की तो जायचा. एक सरोदिये पाऊण तास तारा जुळवत बसले. मला तेच वादन वाटलं आणि मी मनापासून मान डोलावली. बाजूच्या बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचे दोन महिने मी मागच्या रांगेत बसले. तेव्हापासून लागलेली खोड सांगते. कार्यक्रम संपला की मी आधी लोकांचे चेहरे बघते आणि मग मला काय वाटलं ते ठरवते.

पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. दुकानाच्या माळ्यावरून गठ्ठा काढताना अण्णा शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. चार महिन्यांनी ते वॉकर धरून घरातल्या घरात फिरायला लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना चढायचा नाही, अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसायचं नाही. आणि अशा वेळी पेपरात बातमी आली की ती येतेय. शनिवारी मल्लेश्वरमला आणि रविवारी आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, जयनगरातच. साठीच्या जवळ आली होती. आवाज संपलाय, लोक नावासाठी बोलावतात, असं कानावर येत होतं.

अण्णांनी पेपराची घडी घातली आणि मला समोर बसवलं.

"शनिवारी तू जा. टेप करून आण. आवाज असला तर रविवारी मी जाणार, दुसरं हाड मोडलं तरी सरी, चालेल. नसला तर माझ्याजवळ आहे तो तसाच राहू दे. मला एवढंच येऊन सांग, आहे का नाही."

"मी कसं सांगू, अण्णा? मला कान नाही ना?"

"म्हणून तर टेप ने म्हणतोय."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या बाईच्या आवाजासाठी माझ्या माणसाचं हाड पुन्हा मोडायला नको." पण तिचं कोण ऐकतंय.

शनिवारी मी टेपरेकॉर्डर कापडी पिशवीत घालून नेला. सभागृहात ध्वनिमुद्रणाला मनाई असल्याची पाटी होती, म्हणून पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि वर पदर ओढला. माझ्या उजव्या हाताला पुण्याहून नुकताच आलेला एक तरुण होता, संगणकाच्या कंपनीतला. डाव्या हाताला एक वयस्क कानडी गृहस्थ, खांद्यावर जरीकाठी उपरणं.

ती आली. मी जिला कॅसेटच्या कव्हरवर पाहत आले होते ती बाई हीच का, असा प्रश्न पडला. बारीक झालेली, चष्मा लावलेली, बसताना साथीदाराचा हात धरून बसली. तिने मारवा सुरू केला. मारवा सूर्यास्ताच्या वेळचा राग. त्यात सा, म्हणजे ज्याच्यावर सगळं गाणं उभं राहतं तो सूर, मुद्दाम दूर ठेवतात. गाणारा त्याच्या आसपास फिरतो आणि ऐकणाऱ्याला घरी पोचू देत नाही. एवढं मला पुस्तकातून माहीत होतं.

ताल विलंबित एकताल. बारा मात्रा, पण दोन मात्रांमध्ये माणूस विडा लावून खाईल इतकं अंतर. माझ्या हाताला असं मोकळं बसवेना. मी प्रत्येक मात्रेचे चार भाग केले आणि मांडीवर मोजायला लागले. पुणेकराने दोनदा माझ्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, माझा हिशेब चुकत नाही याचं त्याला कौतुक वाटतंय. मी जरा जोरातच थाप मारायला लागले.

आवाज कसा होता? हेच तर सांगता येत नाही. मधल्या पट्टीत खरखर होती. एखादा सूर हलायचा आणि मला वाटायचं, गेला. मग तोच हलता सूर ती अशा ठिकाणी नेऊन ठेवायची की वाटायचं, तो हलणारच होता. मी बेरीज-वजाबाकी करत होते. हा चांगला, हा वाईट, हा चांगला. अण्णांना एका शब्दात उत्तर द्यायचं होतं आणि माझी बेरीज शून्यावरच येत होती.

तासभर झाला असेल. ती वर चढायला लागली. एकेक पायरी, सावकाश. निषादावर आली, तिथून वरच्या कोमल ऋषभाला शिवून आली, पुन्हा निषाद. आता वरचा सा लागणार हे सगळ्या सभागृहाला कळलं. डावीकडचे गृहस्थ पुढे झुकले. आणि ती थांबली. तोंड उघडं, हात वर, आवाज नाही. तंबोरे वाजत होते, तबला चालू होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने हात खाली घेतला, पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि खालच्या सुरांत उतरून पुढे गायला लागली.

पुणेकर डोळे पुसत होता. "काय लेव्हल आहे, मॅडम. तो सा न लावणं, दॅट वॉज द सा," असं काहीतरी पुटपुटला.

डावीकडच्या गृहस्थांनी उपरणं सावरलं आणि माझ्याकडे वळून हळहळत म्हणाले, "होयितम्मा. व्हॉइस होयितु." गेला, आवाज गेला.

मी या चेहऱ्याकडे पाहिलं, त्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझी नेहमीची युक्ती पहिल्यांदाच फसली. तिला सा लावता आला नाही, की तिने लावला नाही? मारव्यात सा टाळतात हे खरं, पण इतकं वर चढून कोणी टाळतं का? आणि टाळला असेल तर पाणी कशाला प्यायली? पण पाणी कोणीही पितं. बस पकडून घरी येईपर्यंत मी याच गोल चकरा मारत होते.

अण्णा जागेच होते. "आहे का?"

"सकाळी टेप ऐका," असं म्हणून मी तोंड धुवायला गेले. पळपुटेपणा होता, मान्य आहे.

रविवारी सकाळी कॉफी झाल्यावर अण्णांनी टेप लावला. आधी तंबोरे ऐकू आले. मग तिचा पहिला सूर. आणि मग धप्. धप्. धप्. धप्.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण लाकडं फोडतंय?"

टेप मांडीवर आणि ताल त्याच मांडीवर. कर्नाटक संगीत शिकलेल्या बेंगळुरूच्या पोरीशिवाय ही चूक जगात कोणी केली नसती. एका मात्रेला चार धपके, तासभर, एकही न चुकवता. मागे कुठेतरी लांब, शेजारच्या घरात गात असावी तशी ती गात होती. पुणेकर हाताकडे का पाहत होता तेही आत्ता कळलं.

मला वाटलं अण्णा टेप बंद करतील. त्यांनी शिव्या घातल्या, पण बंद केला नाही. उशीला टेकून डोळे मिटून ऐकत राहिले. मी दाराशी उभी. आई भाजी निवडत होती, तीसुद्धा थोड्या वेळाने धपक्यांवर मान हलवायला लागली. बाजू संपली, मी कॅसेट उलटी केली. काही वेळ पुन्हा तेच. आणि मग धपके थांबले.

"थांब," अण्णा म्हणाले. "स्वल्प मागे घे."

मी मागे घेतली. धप्, धप्, धप्, आणि मग नुसते तंबोरे नि तबला.

"इथे तुझा हात का थांबला?"

मला माहीतच नव्हतं की तो थांबला होता. सहा वर्षांच्या शिकवणीत टीचरांनी पट्टी मारली तरी जो हात थांबला नव्हता, तो तिथे थांबला होता. तिने पाणी पिऊन पुन्हा गायला सुरुवात केली तरी बराच वेळ तो पडलाच नव्हता.

"तिथे तिने वरचा सा लावला नाही," मी म्हणाले.

"लावला नाही, का आला नाही?"

"कळलं नाही, अण्णा."

"चांगलं वाटलं का वाईट?"

"खरंच कळलं नाही. रागावू नका."

ते रागावले नाहीत. तेवढा तुकडा त्यांनी आणखी तीनदा लावून ऐकला. मग आईला म्हणाले, "माझा पांढरा शर्ट काढून ठेव."

आईने भाजी बाजूला सारली आणि माझ्यावर डोळे वटारले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, जाऊ नका, आवाज आहे असं मी काही म्हणाले नाही. आवाज गेलेला असला तर पस्तीस वर्षं जपलेलं एका संध्याकाळी जाईल, आणि तेही माझ्या हातामुळे. पायऱ्यांवर घसरले तर आई मला जन्मभर माफ करणार नाही. मी म्हणालेसुद्धा, "अण्णा, राहू दे ना." त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

शेजाऱ्यांची गाडी काढली. सभागृहाला सहा पायऱ्या होत्या; शेजाऱ्यांनी आणि तिथल्या रखवालदाराने अण्णांना एका खुर्चीत बसवून खुर्चीसकट वर नेलं. आम्ही दुसऱ्या रांगेत कडेला बसलो. मी हात पर्समध्ये घालून ठेवला.

त्या दिवशी तिने यमन गायला. आदल्या दिवसाची खरखर कमी होती. सा जिथे लागायचा तिथे लागला, वरचाही लागला, दोनदा. लोक खूश होते. मी तिच्याकडे कमी आणि अण्णांकडे जास्त पाहत होते. त्यांचे डोळे उघडे होते, ओठ घट्ट मिटलेले, परीक्षेत पेपर समोर आल्यावर माझ्या वर्गातली मुलं करतात तसे. अर्धा तास झाला, मी खुणेने विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. तास झाला, दीड झाला. शेवटपर्यंत बसले. लोक उठून टाळ्या वाजवत होते तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

गाडीत शेजारी पुढे, आम्ही दोघं मागे. निम्मा रस्ता संपल्यावर मी विचारलं, "होता का आवाज?"

अण्णा खिडकीबाहेर पाहत हळू आवाजात म्हणाले, "मला कधीच कळलं नाही."

"आज?"

"आजही. हुबळीलाही." शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ते माझ्याकडे वाकले. "बाजूची माणसं रडत होती. मी बघत होतो, हे कशाला रडतायत. गाडी गाण्यापायी चुकली नाही. आता काहीतरी होईल, आता होईल, म्हणून बसून राहिलो, तेवढ्यात गेली. घरी येऊन काय सांगायचं? म्हटलं, असं गाणं पुन्हा होणे नाही. एकदा सांगितलं, मग सांगतच गेलो. पुन्हा ऐकायला गेलो आणि पुन्हा नाही कळलं तर, याची भीती वाटायची."

सगळं लहानपण मी या माणसाच्या कानाला भीत आले होते.

"मग आज का आलात?"

"टेपवर तुझा हात थांबला. म्हटलं, हिला कळलं. म्हणजे आपल्या रक्तात असेल कुठेतरी."

"पण मी सांगितलं ना तुम्हाला, मलाही कळलं नव्हतं."

"कळलं नव्हतं तर थांबला कसा?"

मला त्यांचा राग आला, इतक्या वर्षांच्या त्या निकालांचा, "कान कोरा"चा. हसूही आलं. आणि खुर्चीत अवघडून बसलेल्या, खुबा दुखत असूनही दोन तास काहीतरी होईल म्हणून थांबलेल्या त्या माणसाची इतकी माया आली की मी त्यांचा हात धरला. असा हात मी लहानपणानंतर धरला नव्हता. यातलं नेमकं काय वाटत होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

घरी आई दारातच उभी होती. आधी तिने अण्णांचा पाय पाहिला, मग त्यांना पलंगावर बसवलं, पाठीला उशी दिली. मग पदराने हात पुसत समोर बसली. इतकी वर्षं तिने ते एक पटांगण निमूट ऐकून घेतलं होतं. तिलाही आता ऐकायचं होतं.

"मग? कशी गायली?"

अण्णांनी तोंड उघडलं. गाण्यावर तासन् तास बोलणारा माणूस, पण शब्द येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर न आलेलं पोर बाजूच्याकडे पाहतं, तसं.

"आई," मी म्हणाले, "काय सांगू तुला. असं गाणं पुन्हा होणे नाही."

अण्णांनी मान खाली घातली आणि हळूच होकारार्थी हलवली.